शेपटीवरचा अर्ज

मी विमान बोलतोय. ढगांवरून जाणारं मोठं नव्हे. दोन खुर्च्यांचं, ट्रॉलीवर मावणारं हलकं विमान. लाज वाटते, पण सांगूनच टाकतो: बारा वर्षं मी जमिनीवरून वीतभरही उठलो नाही.

१९९९ साली मी खोक्यांत भरून, सुट्या भागांत तिरोड्याजवळच्या एका गावात आलो. भोजराज मेश्राम माझे मालक. राइस मिलच्या मशिनी दुरुस्त करणारा माणूस. दोन वर्षं खपून त्यांनी मला उभं केलं आणि कुठला बोल्ट कोणत्या दिवशी आवळला, ते वहीत लिहून ठेवलं. मग हौसेनं ट्रॅक्टरचा लाल ऑइलपेंट आणून तीन हात दिले. नोंदणीचा नंबर यायचा होता, म्हणून नव्या मोटारसायकलींवर लिहितात तसं माझ्या शेपटीवर लिहिलं: 'अर्ज केला आहे'. काय ऐट होती माझी!

२००२ मध्ये तपासणीला विमान खात्याचे साहेब आले. शेपूट वाचून आधी हसले. मग वजन केलं आणि हसू मावळलं.

"मेश्रामजी, ये हवाई जहाज है, मोटरसाइकिल नहीं. और ग्यारह किलो ज्यादा है."

वजन रंगाचं होतं! भोजराजांनी महिनाभर मला खरवडलं, मिलच्या काट्यावर तोललं, पुन्हा खरवडलं. बसलो एकदाचा मर्यादेत. शेपटीवरची अक्षरं मात्र त्यांनी ठेवली. "ते खोटं थोडीच आहे?" म्हणाले.

तोवर दुसरीच भानगड निघाली. माझं इंजिन जरा दांडगं. मग मी सगळ्यात हलक्या गटातला, की त्याच्या वरच्या? वरच्या गटाचे नियमच तयार नव्हते. पत्रं यायची: प्रकरण विचाराधीन आहे. भोजराज त्याच दिवशी उत्तर टाकायचे.

दर रविवारी ते माझी शेपूट मोहाच्या झाडाला दोरानं बांधत आणि इंजिन सुरू करत. मी थरथरायचो, धूळ उडायची, दोर ताणायचा. तेवढंच माझं उड्डाण. बाकी दिवस त्यांच्या पत्नी, अल्काबाई, माझ्या पंखांवर वड्या वाळवायच्या. मला फार राग यायचा.

एकदा त्याच म्हणाल्या, "काऊन जी, येक डाव उडवूनच पाहा ना. वावरात कोण पाहून राहिला?"

"मी पाहून राहिलो ना," भोजराज म्हणाले. "भिंतीवर बाबासाहेबाचा फोटो लावाचा अन् कायदा चोरून मोडाचा, हे मले जमत नाही."

त्या दिवसापासून मीही मन घट्ट केलं. उडेन तर नंबर लावूनच.

पुढे त्या वरच्या गटाचे नियम आले. त्यांत माझे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे कागद मागितले होते आणि कारखाना तर केव्हाच बंद पडलेला. तेव्हा ती बोल्टांची वही कामी आली. लेक रश्मीनं तिचं पान न् पान झेरॉक्स करून पाठवलं. स्वतः नागपूरला शिकून उडवण्याचा परवानाही काढला. भोजराजांना तो मिळणार नव्हता. डोळे अधू झाले होते.

२०१३ च्या डिसेंबरात नंबर आला. भोजराजांनी शेपटीवरची ती तीन शब्दांची उमेद स्वतः खरवडली. हात थांबत थांबत चालत होता. मला दुखलं नाही, पण रडू आलं.

आज सकाळी परवानगी मिळालेल्या धावपट्टीवर उभा आहे. रश्मी बसली आहे. बाजूची खुर्ची रिकामी आहे.

"आतातरी बसा जी," अल्काबाई म्हणतात.

"पहिल्या डावाले येकच माणूस, असा नियम आहे," भोजराज म्हणतात आणि दोराकडे वळतात. रविवारचा तोच जुना दोर आज मागच्या खुंट्याला आहे. गाठ सुटत नाही. दिसत नाही ना त्यांना नीट. इंजिन गरजतंय, तरी मी धीर धरून उभा आहे.

सोडा, मालक. तुमची खुर्ची मी रिकामीच नेतोय आणि रिकामीच परत आणतोय. मग नियमानं बसा.