जुन्या कॅबिनेटचा करंट

विमान चालवायचं जनूच्या नशिबात नव्हतं. सोनिवलीहून हवाई दलाच्या भरतीला गेलेल्या त्या पोराला डॉक्टरनं लाल-हिरव्या ठिपक्यांचं चित्र दाखवलं आणि रंग ओळखता येईनात म्हणून परत पाठवलं. मग तो अंबरनाथला एका कंपनीत पॅकिंगला लागला, अंजनीशी लग्न झालं, आणि दोघांनी उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका दुमजली इमारतीत वरची खोली भाड्यानं घेतली. खाली जीन्स शिवायचा कारखाना, मागे चौकात सगळ्यांचा मिळून एक नळ.

कंपनीनं जुने कॉम्प्युटर मोडीत काढले तेव्हा त्यातला एक, ४८६ मॉडेलचा, जनूनं घरी आणला. बबन त्याचा पॅकिंगमधला जोडीदार. त्यानं कुठून तरी विमानाच्या गेमची सीडी मिळवली. गेम चालायचा, पण विमान ढगात शिरलं की चित्र अडकायचं आणि सुटेपर्यंत विमान डोंगरावर आपटलेलं असायचं. तरी जनूचं वेड जाईना. ते १९९९ साल होतं. दिवाळीचा बोनस हातात आला तसं त्यानं ठरवलं, आता यंदा काय तो निकाल लावायचा. आहे त्यातच नवा बोर्ड आणि प्रोसेसर टाकायचा, की सगळंच नवं जोडायचं?

आणखी एक गोष्ट त्याच्या मनात होती. कॉम्प्युटरच्या डब्याला, कॅबिनेटच्या पत्र्याला, हात लागला की करंट बसायचा. आधी नुसत्या मुंग्या येत. मग एकदा कोपर लागला आणि खांद्यापर्यंत कळ गेली.

"पॉवर सप्लाय सडलाय त्याचा," बबन म्हणाला. "जन्या, मढं नटवून काय उपयोग? नवीन बांध."

दोघं कॅबिनेट पिशवीत घालून लछूभाईच्या दुकानात गेले. लछूभाई सिंधी, साठीला टेकलेला. कॅम्प चारमधले निम्मे कॉम्प्युटर त्याच्याच हातचे. त्यानं मशीन चालू केली आणि उघड्या पत्र्यावर सरळ पंजा ठेवला.

"साईं, इथे तर काय नाय मारत."

जनूनं भीत भीत बोट लावलं. खरंच काही नव्हतं.

"सप्लाय चांगला आहे," लछूभाई म्हणाला. "जुन्या डब्यात बसेल असा बोर्ड आहे माझ्याकडे. बोर्ड, प्रोसेसर, रॅम बदल, आणि वाचलेल्या पैशात ग्राफिक कार्ड भारी घे. डब्याला काय करायचंय? विमान डब्यात नाय उडत." मग त्यानं चष्मा वर केला. "तुझ्या घरात अर्थिंग कुठे दिलंय?"

"नळाच्या पाइपाला. आमच्या इमारतीत सगळ्यांचंच तिकडं आहे."

लछूभाईचा हात पत्र्यावरच थांबला. "वायरमन बोलव. आजच बोलव. मशीन नंतर घे."

बबननं जनूला बाहेर ओढलं. "जुना माल गळ्यात मारतोय रे. तसला बोर्ड आता कोण घेतो? म्हणून म्हणतोय, डबा चांगला, घर वाईट."

जनूला ते पटलं. पटून घ्यायचंच होतं त्याला. नवं कॅबिनेट, नवा सप्लाय, नवा बोर्ड घेतला. बजेट तिथंच संपलं, म्हणून ग्राफिक कार्ड हलकं घ्यावं लागलं. लछूभाईनं सगळं जोडून दिलं. निघताना एवढंच म्हणाला, "वायरमन, साईं."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जनूनं मशीन लावली. पत्र्यावर तळहात फिरवला. काही नाही. मग दिवसभर विमान उडवलं. ढग आला, विमान ढगातून अलगद पलीकडे गेलं. अंजनी मागे उभी राहून पाहत होती. "खाली नदी पण दिसते की हो," ती म्हणाली, आणि जनूनं विमान पुन्हा नदीवरून वळवलं.

त्या दिवशी खालचा कारखानाही बंद होता. शुक्रवारी इकडचे सगळे कारखाने बंद असतात. त्याच्या ते ध्यानातच आलं नाही.

शनिवारी त्याची दुसरी पाळी होती. सकाळी दहाच्या सुमारास खाली शिलाई मशीनच्या मोटारी सुरू झाल्या, फरशी बारीक थरथरू लागली. सीडी घालायला त्यानं हात पुढे केला आणि करंटनं त्याला स्टुलासकट मागे फेकलं. दातांवर दात आपटले. जिभेला रक्ताची चव आली.

मशीन तर नवी होती. मग करंट कुठून आला?

त्यानं लाकडी पट्टीनं प्लग काढला आणि पक्कडीनं त्याची वरची जाड पिन, अर्थिंगची, मोडून टाकली. पुन्हा लावून पाहिलं. आता फार तर किंचित मुंग्या. म्हणजे खालच्या मोटारी सुरू झाल्या की करंट पाइपातून येत होता. हे त्याला कळलं, अगदी लख्ख कळलं. पण पाण्याची वेळ पहाटेची, आणि तेव्हा कारखाना बंद असतो. सोमवारी वायरमनला सांगू, असं म्हणून त्यानं गेम सुरू केला.

विमान उतरायला आलं होतं. धावपट्टी समोर दिसत होती. तेवढ्यात चौकातून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं गं! आज दुपारचं आलं!"

पितळी हंडे खणखणले. अंजनी मोरीतली बादली घेऊन दार उघडून गेली. जनूनं ते ऐकलं. विमान आणखी खाली आणलं, चाकं टेकवली, वेग कमी केला. विमान थांबलं, आणि मग कुठं तो उठून दाराबाहेर धावला.

"नळाला हात लावू नको!" जिन्यावरून तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "अंजनी! नळाला हात नको!"

शेजारच्या गोदूबाई नळाला धरून वाकल्या होत्या. ओरडत नव्हत्या, हलत नव्हत्या. नुसतं पाणी वाहत होतं. अंजनी त्यांना धरायला पुढे झाली होती ती त्या आवाजानं थबकली. तिनं पाहिलं, धुण्याचं लाकडी धोपटणं उचललं आणि गोदूबाईंच्या मनगटावर सारी ताकद लावून हाणलं. म्हातारी चिखलात कोसळली. जनू तसाच कारखान्यात घुसला आणि मेन स्विच खाली ओढला.

गोदूबाई जगल्या. तळहात जळला होता, मनगटाचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात त्या अंजनीचा हात सोडायला तयार नव्हत्या.

संध्याकाळी वायरमननं चौकात सगळ्यांना समजावलं. कारखान्यातली एक मोटार बाद होऊन तिच्या पत्र्यात करंट उतरत होता, आणि तिचं अर्थिंगही नळाच्याच पाइपाला. पाइप गंजला म्हणून जमिनीलगत प्लास्टिकचा तुकडा बसवलेला, त्यामुळे करंटला जमिनीत जायला वाटच नव्हती. लोक कारखान्याच्या शेठच्या नावानं शिव्या देत होते. जनूच्या पाठीवर थाप मारून जो तो म्हणत होता, "वेळेवर ओरडलास बाबा."

खोलीत आल्यावर अंजनीनं दार लावलं.

"तुम्ही जिन्यात होता," ती म्हणाली. "तिथून नळ दिसत नाही. मग तुम्हाला कसं कळलं?"

जनूनं सांगितलं. लछूभाईचं, मोडलेल्या पिनेचं, सोमवारचं. विमान उतरवेपर्यंत थांबलो तेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर तिला कधी कळलंही नसतं.

त्याचं बोलणं संपल्यावर अंजनी उठली, तिनं गोदूबाईंसाठी पेज शिजत घातली आणि चुलीकडे तोंड करून म्हणाली,

"मावशींना पेज तुम्ही घेऊन जा. आणि मला सांगितलंत तसं सगळं त्यांनाही सांगा."