कडुलिंबाकडचा खळगा

चारुलता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. लँडस्केप आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी परभणीहून हैदराबादला आली आणि नल्लकुंट्याला आमच्याकडेच राहिली. तिच्या कॉलेजची एक रीत आहे. शेवटच्या सत्रात ज्यांचा आराखडा पसंत पडतो, त्यांच्याकडून तो जमिनीवर उतरवून घेतात. यंदा चारुलता आणि तिचा जोडीदार हर्षद यांचा पसंत पडला. जमीन होती आमच्या शाळेचं मैदान. निवृत्तीनंतरही मी तिथे चौथीला शिकवायला जातो.

मैदानाच्या कडुलिंबाकडच्या कोपऱ्यात एक उथळ खळगा खणायचा, म्हणजे पावसाचं सगळं पाणी त्यात उतरून जिरेल. निघालेल्या मातीचा बांध फाटकाच्या बाजूने घालायचा. एप्रिलातल्या एका शनिवारी सकाळी साडेनऊला जेसीबी येऊन उभा राहिला. दहाला बाहेरच्या परीक्षक येणार होत्या. खोदाई सुरू होताना बघून त्या गुण देणार होत्या.

"मामा, मुलांना लांब ठेवा हं," चारुलता म्हणाली. चुन्याने आखलेल्या रेघेवरून तिची ही तिसरी फेरी होती.

मी मुलांना ओट्यावर बसवलं. पण चौथीची मुलं नुसती बसत नाहीत, म्हणून आराखड्याची एक प्रत त्यांच्यापुढे पसरली. "हे निळे बाण बघा. पाणी इथून कडुलिंबाकडे जाणार. कुणाला पटत नाही?"

"मला," तेजश्री म्हणाली. तिला सहसा काहीच पटत नाही.

"मग ओतून बघ."

तिने बादली ओढत नेऊन मैदानाच्या मध्यावर उपडी केली. घट्ट मुरमावर पाणी जरा थबकलं आणि उलट दिशेला, बालवाडीच्या दाराकडे निघालं.

"सर, पाणी चुकलं!"

पोरं खिदळली. मी दुसरी बादली दहा पावलं सोडून ओतायला लावली. तीही बालवाडीकडेच गेली. मी चारुलताला हाक मारली.

तिने ओल्या रेघा पाहिल्या. "दोन बादल्यांनी उतार ठरत नसतो, मामा. आम्ही सात टप्प्यांत लेव्हल घेतलीय."

"कशाने?"

"नळीने." गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन तोंडं कितीही लांब धरली तरी दोन्हीकडचं पाणी एका उंचीला उभं राहतं.

"सुरू करण्याआधी दोन्ही तोंडं शेजारी धरून बघितली होती?"

ती हर्षदकडे बघायला लागली.

"ज्याची नळी आणली तो गवंडी म्हणाला होता," हर्षद हळूच म्हणाला. "'पहले मिलाके देख लो बाबू.' आम्ही हसलो. म्हटलं, हा रोज हिच्यावरच भिंती बांधतो, आता काय बघायचंय!"

खळग्याची खोली मोजायला तीच नळी आज आणली होती. हर्षदने बुचं काढून दोन्ही तोंडं शेजारी धरली. एकीकडचं पाणी दुसरीकडच्यापेक्षा तीन बोटं वर होतं. मातीने माखलेल्या वेटोळ्यात कुठेतरी हवा अडकली होती.

चारुलताने आराखड्याच्या पाठीवर आकडे मांडले. पेन्सिल दोनदा कागदात रुतली. "दर टप्प्याला तीन बोटं, सात टप्पे... मामा, उतार उलटाच आहे. खळगा कोरडा राहील. आणि फाटकाकडे बांध घातला की पाण्याला जायला बालवाडी सोडून जागाच नाही."

बालवाडीतली मुलं जमिनीवर चटया टाकून बसतात.

"मॅडम, शुरू करूं क्या?" जेसीबीवाला ओरडला. "बारा बजे मेरेकू बरकतपुरा जाना है!"

"चारू, ऐक," हर्षद म्हणाला. "आत्ता तोंड उघडू नकोस. आज वरवर खणू दे, गुण लागू देत. सोमवारी गुपचूप सरकवू खळगा. कुणाला काय कळणार?"

"नाही सरकवता आला तर?"

"अगं, नापास झालो तर सहा महिने जातील! मला जूनमध्ये पुण्यात रुजू व्हायचंय." मुलगा वाईट नव्हता. घाबरला होता.

चारुलताने माझ्याकडे पाहिलं. फळ्यापुढे अडलेलं मूल बघतं तसं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते मी दिलं असतं तर ते माझं झालं असतं. मी मुलांना पुन्हा ओट्यावर बसवायला वळलो.

फाटकाशी गाडी थांबली. परीक्षक पद्मावती मॅडम उतरल्या. मुख्याध्यापिका मीनाताई नारळ घेऊन पुढे झाल्या. गाडी दिसली तशी वाट बघून कंटाळलेल्या जेसीबीवाल्याने इंजिन सुरू केलं. लोखंडी पंजा वर उचलला गेला.

चारुलता धावली आणि चुन्याच्या रिंगणात मधोमध जाऊन उभी राहिली. "भैया, नक्को! रुको!"

"मरना है क्या अम्मा!" पंजा तिच्या डोक्यापासून हातभर लांब थांबला. इंजिन बंद पडलं.

ती तिथूनच बोलली. "मॅडम, माझी मोजणी चुकलीय. नळी न तपासता लेव्हल घेतली. इथे खणलं तर बालवाडीत पाणी शिरेल."

हर्षद क्षणभर जागेवरच राहिला. मग तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "आमची," तो म्हणाला. "मोजणी दोघांनी केली होती."

पद्मावती मॅडम सोलापूरला वाढलेल्या, त्यांना मराठीतून सांगितलं तरी चालत होतं. त्यांनी नळी हातात घेऊन दोन्ही तोंडं स्वतः जुळवून पाहिली. "चूक कुणी पकडली?"

"चौथीतल्या मुलीने," चारुलता म्हणाली.

त्या हसल्या नाहीत. "जमिनीची मोजणीच चुकली असेल तर पुढच्या आराखड्यात तपासायला काही उरत नाही. या सत्रात मी तुम्हाला उत्तीर्ण करू शकत नाही. दोघांनाही."

"हो, मॅडम."

"जेसीबीसमोर उभं राहून हे मला कळवलंत, तेही मी लिहिते. त्याला गुण नाहीत." त्यांनी सही केली. "नवी मोजणी पावसाआधी माझ्याकडे यायला हवी."

"ये नारियल का क्या करूं?" मीनाताईंनी मला विचारलं.

जेसीबी फाटकाबाहेर गेला. हर्षद कंपाउंडला टेकून कुणाला तरी मेसेज लिहीत होता, खोडत होता. चारुलताने नळावर तोंड धुतलं, ओढणीने पुसलं. तिचा फोन वाजत होता. परीक्षा कशी झाली ते विचारायला माझ्या बहिणीचा फोन.

मी हात पुढे केला.

"नको मामा," ती म्हणाली. "आईला मीच सांगते. तुम्ही मधे बोलायचं नाही."

मी मुलांना घेऊन वर्गात गेलो.