छोट्या कॅसेटचा माणूस

थोरल्याने कॅसेट खिडकीपाशी नेली आणि उजेडाकडे तिरकी धरली. वरच्या पारदर्शक चौकोनातून आतली टेपची गुंडाळी दिसत होती. तिच्या कडेला पिठासारखे पांढरे ठिपके होते, आणि एका बाजूला त्या ठिपक्यांना बारीक तंतू फुटले होते. त्याने कॅसेट नाकाशी नेली, वास घेतला आणि ती हळूच टेबलावर ठेवली.

"कुठे ठेवली होतीस?"

धाकटा अजून दारातच उभा होता. एकतीस वर्षांनी तो या दुकानाची पायरी चढला होता आणि आत यावं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं.

"लोखंडी कपाटात. न्हाणीघराच्या भिंतीला लागून आहे ते. पण बंदच होतं, दादा. इतक्या वर्षांत कुणी हातसुद्धा लावला नाही."

"म्हणूनच," थोरला म्हणाला.

पुढचं त्याने बोलून दाखवलं नाही. कॅसेट वापरात राहिली, अधूनमधून फिरली, तर तिला वारा लागतो. ओल्या भिंतीशी बंद पडून राहिली की बुरशी आतून पोखरत जाते. गेल्या दोन वर्षांत त्याने अशा कितीतरी कॅसेट पाहिल्या होत्या. कुणाचं लग्न, कुणाचे वडील, कुणाचं पहिलं पाऊल. पिशव्यांमधून, जुन्या रुमालांत गुंडाळून लोक त्या आणत. यातल्या निम्म्याहून अधिक त्यानेच चित्रित केल्या होत्या आणि देताना प्रत्येकाला सांगितलं होतं की चित्र जन्मभर टिकेल. आता रस्त्याने चालताना घरं दिसली की तो मोजत जायचा. या घरात दोन आहेत, त्या घरात पाच. कपाटांत, माळ्यांवर, पलंगाखाली त्या गुपचूप मरत होत्या, आणि घरातल्या माणसांना त्याचा पत्ताही नव्हता.

शहरात त्याला बीटाकाका म्हणत. व्हिडिओच्या सुरुवातीच्या काळात दोघा भावांनी मिळून कॅसेट लायब्ररी काढली, तेव्हा बाजारात दोन जातीच्या कॅसेट होत्या. छोटी ती बीटा आणि मोठी ती व्हीएचएस. एकीच्या मशीनमध्ये दुसरी चालत नसे. थोरल्याने छोटी निवडली. तिचं चित्र जास्त नितळ दिसतं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्याला दिसत होतं त्याप्रमाणे ते खरंही होतं. गिऱ्हाइकांना तो दोन टीव्ही शेजारीशेजारी लावून दाखवायचा, पडद्याला बोट टेकवून सांगायचा, हा केस बघा, ही साडीची किनार बघा. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि शेवटी विचारायचं की अख्खा सिनेमा एका कॅसेटमध्ये मावतो का. मोठीत मावायचा. छोटीत मध्येच उठून कॅसेट बदलावी लागे. चित्र काय चाटायचंय, असं एक वकील त्याला तोंडावर म्हणाला होता. कॅसेट छोटी आणि तोरा मोठा, ही थट्टा तर सगळ्या बाजारात चालायची.

धाकट्याला वारं कळलं. समोरच्या तिन्ही दुकानांत मोठ्याच कॅसेट आल्या होत्या, आपणही बदलू या, असं तो वर्षभर सांगत राहिला. थोरला हेका सोडेना. आधी रोज वाद, मग अबोला. त्याच वर्षी धाकट्याची मुलगी तापाने गेली. साडेपाच वर्षांची होती. सगळे तिला ठकी म्हणत. दुःखाने माणसं जवळ येतात म्हणतात, पण या घरात उलटं झालं. सव्वा महिन्याच्या आत धाकट्याने आपला वाटा मागितला, रस्त्यापलीकडे मोठ्या कॅसेटचं दुकान टाकलं आणि दोघांमध्ये कायमची भिंत उभी राहिली.

धाकट्याचं दुकान चाललं. पुढे तेही बंद पडलं, कारण दोन्ही कॅसेटना खाणारं तिसरंच काहीतरी आलं. पण तोवर त्याने घर बांधलं होतं. थोरला मात्र बायको गेल्यावर दुकानाच्या मागच्या खोलीत राहायला आला आणि जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देऊ लागला. छोट्या कॅसेटचं चालू मशीन आता आसपास फक्त त्याच्याकडे होतं. त्या मशीनच्या पोटात आणखी दोन मेलेल्या मशीनचे भाग होते. मागच्या महिन्यापासून त्याच्या फिरत्या ड्रममधून खरवडल्यासारखा आवाज येऊ लागला होता. ते फार दिवस टिकणार नाही, हे थोरल्याला कळत होतं.

धाकटा अखेर आत येऊन स्टुलावर बसला. बायकोचं हृदयाचं ऑपरेशन होतं, परवा सकाळी. डॉक्टरांनी आशा दिली होती, पण कागदावर सह्याही घेतल्या होत्या. त्याआधी तिला ठकीला बघायचं होतं. घरात फोटो होते, पण फोटोत मूल एका जागी उभं असतं. ठकी चालायची कशी हे तिला आठवेना झालं होतं. आठ दिवस ती तेवढंच बोलत होती.

"ठकीच्या वाढदिवसाची कॅसेट," धाकटा म्हणाला. "तूच काढली होतीस."

"मला माहीत आहे."

"ठकी गेल्यावर आम्ही ती कधी पाहिलीच नाही."

थोरल्याने मान वर केली. धाकट्याने नजर चुकवली. घरात मशीन होतं ते मोठ्या कॅसेटचं, तो म्हणाला. ही लावायची तर तुझ्याकडे यावं लागलं असतं. बायको पहिल्या वर्षी म्हणाली होती, मी जाते भाऊजींकडे. मीच जाऊ दिलं नाही.

 मग थोरल्याने जे होतं ते सरळ सांगितलं. टेप साफ करावी लागेल, त्यात उद्याची दुपार होईल. त्यानंतर ती एकदा चालेल. कदाचित. दुसऱ्यांदा चालणार नाही. कदाचित पहिल्यांदाही नाही. दुसरीकडे कुठे विचारलं का, असं त्याने विचारलं. धाकट्याने दोन मोठ्या शहरांत फोन केले होते. एकाकडे मशीन नव्हतं आणि दुसऱ्याने महिनाभराचा वेळ सांगितला होता.

"मग लाव," धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने कॅसेटचे पाच स्क्रू काढले. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या मऊ कापडाच्या घडीतून तो टेप हाताने हळूहळू ओढत होता, एका चकरीवरून दुसऱ्या चकरीवर. कापड पांढरं व्हायचं, तो नवं घ्यायचा. निम्म्यावर आल्यावर कापड पांढऱ्याऐवजी तपकिरी होऊ लागलं. तो थांबला. तपकिरी म्हणजे बुरशी नव्हे. ज्या लेपावर चित्र असतं तो लेपच सुटत होता. त्याने कापड घडी करून खिशात टाकलं आणि पुढची टेप नुसत्या फुंकरीने झटकली. धाकटा बाजूला बसून बघत होता. 

दोनच्या सुमाराला सगळं जोडून झालं. कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं. थोरल्याने कॅसेट आत सरकवली. मशीनने ती ओढून घेतली, टेप ड्रमला गुंडाळल्याची कुरकुर ऐकू आली आणि मग तो खरवडण्याचा आवाज, एरवीपेक्षा मोठा.

पडदा काळा झाला, निळा झाला आणि चित्र आलं.

जुन्या घराची फरशी. टेबलाचा पाय. कोपऱ्यातून दोन छोट्या चपला आल्या, नव्या, पायाला जरा मोठ्याच. त्या फरशीवर ताडताड वाजत कॅमेऱ्याकडे आल्या. कॅमेरा वर जाऊ लागला. गुडघे दिसले, एका गुडघ्यावर खरचटल्याची खूण, मग फ्रॉकची झालर. रंग इतके स्वच्छ होते की झालरीचे टाके मोजता आले असते. धाकटा स्टुलावरून पुढे झुकला.

झालरीच्या वर पडद्यावर मुंग्या आल्या. आधी एक पट्टा, मग दोन, मग सगळा पडदा. सरसरणाऱ्या पांढऱ्या मुंग्यांमध्ये फ्रॉक बुडाला, आणि कॅमेरा चेहऱ्यापर्यंत पोचला असेल तेव्हा तिथे काहीच नव्हतं.

"दादा, थांबव. साफ कर ते."

थोरल्याचं बोट बटणावर होतं. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. चित्र गेलं की थांबायचं, टेप वाचणारं हेड पुसायचं, पुन्हा लावायचं. पण मशीनच्या जाळीतून तपकिरी भुकटी खाली सांडत होती. थांबवली तर मशीन टेप सोडणार, पुन्हा लावताना पुन्हा गुंडाळणार, आणि ही टेप आता एवढं सोसणार नव्हती.

तेवढ्यात टीव्हीतून आवाज आला. चिरका, पण स्पष्ट. आवाजाची पट्टी टेपच्या कडेला असते, ती वेगळ्या हेडवर वाजते. तिकडे अजून लेप धरून होता.

"काका, दिसतेय ना मी?"

आणि मागून एका तरुण, स्वतःवर खूश असलेल्या माणसाचा आवाज, "दिसतेस की. एकदम झकास दिसतेस. बोल."

थोरल्याने बोट बटणावरून काढलं.

"आवाज येतोय," तो म्हणाला. "येऊ दे."

धाकटा उठून मशीनकडे आला होता. थोरल्याने त्याचं मनगट धरलं. ओढाताण झाली नाही, पण धाकटा परत स्टुलाकडे वळेपर्यंत त्याने ते सोडलं नाही. मग दोघेही मुंग्यांनी भरलेल्या पडद्यासमोर बसून राहिले. ठकी एक कविता अर्ध्यापर्यंत म्हणाली आणि पुढची विसरली. तिने आईला हाक मारली, आई आली नाही म्हणून रागावली. चपला काढणार नाही म्हणून तिने कुणाशी तरी वाद घातला. मध्येच ती कॅमेऱ्यासमोर नाचली असावी, कारण बराच वेळ फक्त चपलांचा ताल येत होता आणि लोक हसत होते. चौदा मिनिटं. पंधराव्या मिनिटाला मशीनमधून कडकन आवाज झाला, आणि सगळं बंद पडलं.

थोरल्याने वरचं झाकण उघडलं. टेप तुटून ड्रमभोवती चोळामोळा झाली होती आणि ड्रमवरचं हेड उखडून लोंबत होतं. त्याने थोडा वेळ त्याकडे बघितलं आणि झाकण लावून टाकलं. दुरुस्तीच्या पलीकडे गेलं होतं. दुकानातल्या फळीवर आणखी सात जणांच्या कॅसेट आपल्या पाळीची वाट बघत पडल्या होत्या.

धाकटा खिडकीकडे तोंड करून उभा होता. सगळं आपल्यामुळे झालं, एवढंच तो म्हणाला. कपाट भिंतीला लावलं ते आपण, तिला येऊ दिलं नाही ते आपण. पहिल्या वर्षी आली असती तर सगळं दिसलं असतं. आता हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं.

थोरल्याने जेवढं उतरलं होतं तेवढं पेन ड्राइव्हवर घेतलं, सदरा बदलला आणि दुकानाला कुलूप लावलं.

धाकट्याच्या घरी तो पहिल्यांदाच जात होता. हॉलमध्ये दवाखान्याची पिशवी भरून तयार होती. धाकट्याची बायको आरामखुर्चीत बसली होती, पायांवर शाल. इतक्या वर्षांनी थोरला दीर दारात उभा बघून तिने उठायचा प्रयत्न केला, त्याने हातानेच बस म्हटलं. ती खूप वाळली होती. तिने आधी त्याच्या हाताकडे बघितलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे, आणि तिला निम्मं कळलं असावं.

"नाही दिसत का?" तिने विचारलं.

धाकट्याने बोलायला तोंड उघडलं, पण थोरला आधी बोलला.

"कॅसेट चांगली होती," तो म्हणाला. "याने नीट जपली होती. माझं मशीन खराब निघालं. त्यानेच चित्र खाल्लं. दोष माझ्याकडचा आहे."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. या माणसाने त्या मशीनविरुद्ध एक शब्द कधी ऐकून घेतला नव्हता. त्यासाठी भाऊ सोडला होता, गिऱ्हाइकं सोडली होती, सगळ्या बाजाराचं हसू अंगावर घेतलं होतं.

"चपला दिसतात," थोरला तिला सांगत होता. "आणि फ्रॉक. नऊ-दहा सेकंद. चालताना ती डावा पाय जरा बाहेर टाकायची. पुढे नुसता आवाज आहे."

"डावा," ती म्हणाली. "हो. डावाच."

पुढे ऑपरेशन नीट पार पडलं, ती आणखी चार वर्षं जगली आणि तेवढ्या काळात दोन्ही घरांमधलं जाणंयेणं पुन्हा सुरू झालं. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. सकाळी सहाला गाडी येणार होती, आणि परत घरी येणारी माणसं किती, याचा विचार प्रत्येक जण एकटाच करत होता.

थोरल्याने पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. चपला आल्या, झालर आली, मुंग्या आल्या. तिने डोळे मिटून घेतले. कविता अर्ध्यावर थांबली तेव्हा तिचे ओठ हलले आणि पुढची ओळ तिने आवाज न करता म्हटली. मग टीव्हीतून ठकीने आईला हाक मारली, एकदा, दोनदा.

"आले, आले," ती डोळे मिटूनच म्हणाली.

थोरला मान खाली घालून बसला होता. धाकट्याने त्याच्यासमोरचा चहाचा रिकामा कप उचलला, बायकोचा उचलला आणि तो स्वयंपाकघरात गेला. नळ त्याने अगदी बारीक सोडला, बाहेरच्या आवाजात व्यत्यय नको म्हणून, आणि तो त्या बारीक धारेखाली दोन्ही कप बराच वेळ धूत राहिला.