साथीतला डोळा

सिद्धव्वा पुन्हा उठली. निजलेल्या लेकीच्या, चंद्रम्माच्या तोंडावरचा पदर सारून तिनं डोळा पाहिला, पदर झाकला, चुलीपाशी गेली आणि भाकरी तव्यावर टाकून परत आली.

चंद्रम्मा जन्मली तीच टपोऱ्या डोळ्यांची. हळ्ळीखेडच्या बाया म्हणायच्या, पोर गाईचे डोळे घेऊन आलीय. सासू चन्नव्वा नजर लागू नये म्हणून एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ तिच्या गालाला लावायची. पण पोर उजेडाला कळवळायची, बुबुळं दुधाळ व्हायला लागली. निजामाचे दिवस होते. बिदरहून रेल्वेनं तिला हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनच डोळ्यातलं पाणी आत तुंबतं, म्हणून डोळे फुगलेत. पाण्याला वाट करायला उजवा आधी कापला, डावा नंतर करायचा ठरला. निघताना त्यांनी बजावलं, डोळा लाल झाला तर त्याच दिवशी निघा; आतली आग दुसऱ्या डोळ्यालाही लागते.

महिनाभर बरं गेलं. मग तोच उजवा डोळा लाल झाला, तो नेमका गावात डोळे येण्याची साथ असताना.

"कामून येड्यावानी करायलीस? डोळे आल्यात तिचे," चन्नव्वा म्हणाली. "आलेले डोळे घेऊन वेस वलांडू न्हाई."

शेजारची बाळंतीण नागम्मा पोरीच्या डोळ्यात अंगावरच्या दुधाचे थेंब पिळून गेली. नवरा गुरुलिंग आईच्या शब्दाबाहेर नव्हता. गल्लीतली सगळीच पोरं लाल डोळ्यांची, मग हिचंच वेगळं काय, असं सिद्धव्वानंही मनाला समजावलं. मन काही ऐकत नव्हतं.

भाकरी करपल्याचा वास आला, तशी ती तवा घेऊन अंगणात आली. नागम्माची पोरं कोमट पाण्यानं पापण्या सोडवत बसली होती. चिपडांनी घट्ट चिकटलेल्या. सिद्धव्वाच्या हातातला तवा तसाच राहिला. चंद्रम्माच्या डोळ्यात चिपडं नव्हती. एकदाही नव्हती.

आत जाऊन पाहिलं, तर डावाही लाल.

"ही साथ न्हाई. मी हिला घेऊन जायलेय."

"अगं, वेस..."

"वेस ऱ्हाऊ द्या, आत्ती. पोर आंधळी झाल्यावर वेशीत बसवू का?"

गुरुलिंगनं बैल जुंपले.

हैदराबादेत उजवा डोळा काढावा लागला. डावा राहिला, धूसर, पण राहिला.

घरी आल्यावर चन्नव्वानं काजळाची डबी काढली. बोट गालाजवळ नेलं आणि थांबली. पोर मान वळवून एका डोळ्यानं तिच्याकडं बघत होती. म्हातारीनं डबी सुनेपुढं सरकवली.

"तूच लाव."

सिद्धव्वानं सासूचं बोट धरून पोरीच्या तळपायावर टेकवलं. "हितं लावा. डोळ्यापस्नं लांब."

काळा ठिपका उमटला. सिद्धव्वानं पदर सारून डावा डोळा पाहिला, झाकला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सारला.