तव्यावरची हिरवी माती

हेमराज सरांना कुणाचं चित्र आवडल्याचं धुळ्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. चित्रकलेचे शिक्षक म्हणून ते निवृत्त झाले होते, तरी जुने विद्यार्थी चित्रं दाखवायला यायचे. सर एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "कागद चांगला आहे. मागची बाजू वापर." त्यांची स्वतःची चित्रं मात्र अनेकांच्या दिवाणखान्यात होती. अजिंठ्याच्या नकला, सगळ्या दुकानी ट्यूबच्या रंगात, सगळ्यांतल्या बायांचे डोळे अर्धे मिटलेले. कुणी तरी एकदा म्हणालं होतं, स्वतःचं चित्र बघावं लागू नये म्हणून बायांनी डोळे मिटलेत. सर त्या माणसाशी पुन्हा बोलले नाहीत.

मोहिनी त्यांची जुनी विद्यार्थिनी. अमळनेरच्या एका शाळेत ती चित्रकला शिकवायची आणि जवळच्याच गावात आईजवळ राहायची. त्यांच्या शेतातल्या विहिरीचं खोदकाम झालं तेव्हा सुरुंगाने फुटलेल्या काळ्या दगडांचा ढीग बांधावर पडला. त्या दगडांत लहान लहान पोकळ्या होत्या, आणि पोकळ्यांना आतून शेवाळासारखा हिरवा थर होता. हा थर कसला ते मोहिनीला ठाऊक होतं. अजिंठ्याच्या चित्रकारांनी हिरव्यासाठी अशीच दगडातली माती वापरली, हे तिने वाचलं होतं. तिने चाकूने तो थर खरवडला, पाट्यावर वाटला, पाण्यात ढवळला, गाळ बसू दिला, वाळवला, आणि बाभळीच्या डिंकात कालवला.

"चटणीना पाटा शे तो," आई, बेबाबाई, म्हणाली. "दगडवर दगड दयीसन काय भेटस तुले? बठ्ठं गाव हासस."

"हासू दे," मोहिनी म्हणाली.

गाव खरंच हसत होतं. एवढी मेहनत करून निघालेला हिरवा झगमगीत असता तर गोष्ट वेगळी. हा मवाळ, राखट, धुळीखालच्या कडुनिंबासारखा. शेजारणीने बघून विचारलं, "याच्यापेक्षा डबा विकत आणला असता तर?" मोहिनीला तिच्याशी बोलण्यात अर्थ वाटला नाही. डब्यातला हिरवा तिला प्लॅस्टिकच्या बादलीसारखा वाटायचा, आणि तो वापरणारेही.

दोन वर्षांनी अमळनेरला तिचं प्रदर्शन भरलं. पत्रिकेवर छापलं होतं, 'आमच्या दगडातला हिरवा'. आयोजकांना प्रमुख पाहुणा मिळेना, म्हणून त्यांनी हेमराज सरांना बोलावलं. सर एस.टी.ने आले. गर्दी होती, बसायला जागा मिळाली नव्हती, त्यामुळे ते सुरुवातीपासूनच खोड काढायच्या तयारीत होते.

ते हात मागे बांधून चित्रांसमोरून चालले. कापसाचं शेत, विहीर, आईचं लुगडं. एका चित्रासमोर थांबले. वेचणी संपलेलं शेत होतं, पण कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या नुसत्या पेन्सिलीने आखलेल्या.

"हे अर्धवट का टांगलंय?"

"तपकिरी सापडला नाही अजून, सर."

"दुकानात सापडतो."

चार माणसं हसली. सरांना बरं वाटलं. मग भाषणाला उभे राहून त्यांनी सांगितलं की हल्ली रंगापेक्षा रंगाची गोष्ट जास्त विकली जाते. "ट्यूब दाबायची आणि विहिरीचं नाव सांगायचं. दगडाचा हिरवा ओळखायचा कसा, हे पुस्तकात आहे. तो भाजला की तपकिरी होतो. दुकानातला नुसता जळतो, घाण सुटते. कुणी भाजून दाखवेल का? नाही दाखवणार."

मोहिनीचे कान तापले. हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या पुस्तकात भाजण्याबद्दल काही नव्हतं, आणि समोर तिच्या शाळेचे सगळे शिक्षक बसले होते. ती उठली, पिशवीतून कोऱ्या हिरव्या भुकटीची डबी काढली आणि बाहेर गेली. मंडपात भज्यांची मोठी शेगडी पेटलेली होती. तिने आचाऱ्याकडून जुना लोखंडी तवा मागून घेतला, तो लाल होऊ दिला आणि त्यावर चमचाभर भुकटी पसरली.

लोक प्लेटी घेऊन भोवती जमले. बराच वेळ काहीच झालं नाही.

"भजी तरी खाऊन घ्या," सर म्हणाले. "वेळ अगदीच फुकट जायला नको."

मग कडेने हिरवा मळकट व्हायला लागला. मोहिनी चमच्याने हलवत राहिली. घाण सुटली नाही, धूर झाला नाही. हळूहळू सगळी भुकटी कातासारखी तांबूस तपकिरी झाली.

सर वाकून बघत होते.

"विस्तवापुढे टिकत नाही, तो कसला रंग," शेवटी ते म्हणाले, पण या वेळी कुणी हसलं नाही.

मोहिनीने तवा उतरवला, निवू दिला, तपकिरी भुकटी डिंकात कालवली आणि आत जाऊन टांगलेल्या चित्रावरच पऱ्हाट्या काढायला लागली. सर मागे येऊन उभे राहिले.

"सर," ती ब्रश न थांबवता म्हणाली, "तुम्हाला हे इतकी वर्षं माहीत होतं. मग कधी करून का नाही पाहिलं?"

"तवा कोण घासणार?" सर म्हणाले, आणि चहा न घेताच स्टँडकडे निघाले.

पुढे धुळ्याहून बातम्या यायला लागल्या. मोहिनीला तपकिरी आपणच दाखवला, असं सर सांगत होते. एका कॉलेजात त्यांनी यावर व्याख्यानही दिलं. मोहिनीला हसू आलं, मग राग आला, मग तिने त्यांना हिरव्या भुकटीची एक डबी पाठवून दिली. सोबत निरोप काही नाही. त्यांना लाज वाटावी, एवढाच हेतू होता.

दिवाळीनंतर ती कामासाठी धुळ्याला गेली तेव्हा त्यांच्या घरी डोकावली. डबी टेबलावर होती.

"झाकण नीट बसत नाही तिचं," सर म्हणाले. "वस्तू पाठवायची तर धड पाठवावी."

मोहिनीने डबी उचलली. ती निम्मी रिकामी होती. तिने खोलीभर नजर फिरवली. खिडकीखाली पाटीवर एक कागद चिकटवलेला होता, त्यावर कडुनिंबाची एक डहाळी. रंग थापल्यासारखा बसला होता, वाळून तडे गेले होते. शेजारी तशाच फसलेल्या डहाळ्यांचे आणखी कागद पडलेले.

"बघू नकोस," सर म्हणाले. "टाकाऊ माती आहे तुझी."

"माती चांगली आहे. तुम्ही ट्यूबसारखी जाड लावलीत. ही पातळ लावायची असते, थरावर थर."

"मला शिकवतेस?"

"हो," मोहिनी म्हणाली.

सरांनी पाण्याची वाटी तिच्या बाजूला सरकवली आणि कोरा कागद शोधायला वळले.