फोर व्हीलचा नवा डबा

दिल्लीतल्या द्वारकेत राहणाऱ्या माणसाला चारही चाकांनी ओढणारी पिकअप कशाला हवी, हे मी ती गाडी दारात आली त्याच दिवशी विचारलं होतं. आमचे जयंतराव सरकारी नोकरीतून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले, लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडून आम्ही इथल्या सोसायटीत आलो, आणि लोक ज्या वयात सकाळी बागेत जोरजोरात हसण्याचे व्यायाम करतात त्या वयात ह्यांनी बिल्डरांच्या साइटवर देखरेखीची कामं घेतली. तेव्हा दिल्लीच्या चहूबाजूंनी नवे सेक्टर उगवत होते. इमारती आधी आणि रस्ते मागाहून, असा सगळा कारभार. पावसाळ्यात साध्या गाड्या चिखलात रुतायच्या, म्हणून ही पिकअप. मी तिला रणगाडा म्हणायची. ह्यांना राग यायचा, पण मनातून आवडायचंही.

एरवी तिची मागची दोनच चाकं ओढतात. स्टिअरिंगजवळचा गोल नॉब फिरवला की चारही चाकं कामाला लागतात आणि समोर हिरवा दिवा पेटतो. चिखलात त्याचा उपयोग. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र वळण घेताना गाडी आखडते, स्टिअरिंग जड होतं, धक्के बसतात. ही विद्या मला नाइलाजाने शिकावी लागली, कारण गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत आमची नात इशिता आमच्याकडे होती. तिला घेऊन जयंतराव आइसक्रीम आणायला गेले. परत येताना सोसायटीच्या फाटकात वळताना गाडी आखडली आणि गार्डच्या केबिनला जाऊन भिडली. पत्रा चेपला, इशिताच्या कपाळाला टेंगूळ आलं. गार्ड बाहेर उभा होता म्हणून वाचला. मी धावत खाली गेले तर जयंतराव समोरचा हिरवा दिवा सगळ्यांना दाखवत होते. फोर व्हील आपोआप लागलं, मी नॉबला हातही लावला नाही, असं ते पुन्हापुन्हा सांगत होते.

मुलगा यशोधन गुडगावहून आला तो थेट किल्ली मागायलाच. आपोआप काही लागत नसतं बाबा, तुमचं वय झालंय, लक्ष राहत नाही, असं तो तोंडावर बोलला. जयंतरावांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ते आतल्या खोलीत गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बापाने ह्याला स्कूटरवर पुढे उभं करून सगळी दिल्ली दाखवली, त्याच्या हातातून हा किल्ली काढून घेतो. मी यशोधनला नको नको ते बोलले. ह्यांनी उभ्या जन्मात कधी खोटं सांगितलं नाही, ते म्हणतात आपोआप तर आपोआपच, असं ठणकावून सांगितलं. तो किल्ली घेऊन निघून गेला.

मग जयंतराव साइटवर जाईनासे झाले. बाल्कनीत बसून पेपर वाचायचे आणि दुपारी तोच पेपर पुन्हा वाचायचे. काम काढून घेतलं की माणसाचं असंच होणार, असं मी मनाशी म्हणायची. एकदा भाजी आणायला गेले ते खूप उशिरा परतले. सेक्टर चुकलो म्हणाले. चुकणार नाहीत तर काय, सगळ्या सोसायट्या एकाच साच्यातून काढलेल्या, रंगसुद्धा तोच. ज्या ऑटोवाल्याने त्यांना आणून सोडलं त्याने मला सांगितलं, की अंकलजी आधी लक्ष्मीबाई नगरला चला म्हणत होते. मी हसण्यावारी नेलं. इतकी वर्षं तिथे काढली, जीभ वळतेच.

शेवटी मीच यशोधनकडून किल्ली मागून घेतली आणि बलबीर मिस्त्रीला बोलावलं. त्याने गाडी गॅरेजवर नेली, दोन दिवस स्वतः चालवून पाहिली आणि मग मला बोलावून घेतलं. डॅशबोर्डखालची पट्टी काढली तर आत एक चपटा काळा डबा होता. नॉब फिरवला की त्याचा हुकूम गिअरपर्यंत पोचवणारा हाच. त्याच्या पिनांवर हिरवा गंज चढला होता. काचेच्या कडेने कधीतरी पाणी झिरपलं असणार, अशाने फोर व्हील कधी आपोआप लागूही शकतं, असं बलबीर म्हणाला. मला एवढा आनंद झाला की मी तिथूनच यशोधनला फोन केला आणि अर्ध्या तासात ये म्हणून दम भरला.

बलबीरने आणखीही एक गोष्ट सांगितली होती. "आंटीजी, मेरे हाथ में तो एक बार भी अपने आप नहीं लगा," तो म्हणाला, "पर डब्बा खराब तो है ही. बदल देते हैं." मी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं.

नवा डबा आला त्या दिवशी आम्ही सगळे गॅरेजवर होतो. बलबीरने बॅटरीची वायर सोडली, जुन्या डब्याचे प्लग काढले, नव्याला लावले, पट्टी परत बसवली. मग किल्ली फिरवून जयंतरावांना आत बसवलं आणि नॉब सावकाश एकेका खुणेवर न्यायला सांगितला, म्हणजे नव्या डब्याला गिअरची ओळख होते. हिरवा दिवा लुकलुकला, स्थिर झाला, सांगितल्यावर विझला. जयंतरावांनी डॅशबोर्ड थोपटला. यशोधनने जुना डबा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "बाबा, चुकलं माझं," तो म्हणाला, आणि ह्यांना सगळ्यांसमोर रडू आलं. घरी येऊन मी श्रीखंड केलं. पुढे कितीतरी दिवस मी सून देवयानीशी बोलताना विषय कुठूनही काढून त्या गंजलेल्या पिनांवर आणून सोडत होते.

दर संक्रांतीला इथल्या आमच्या मराठी मंडळाची माणसं पानिपतला जातात. लढाईच्या जागी माथा टेकतात, कोणीतरी लांबलचक भाषण करतं, मग तिळगूळ. सतरंज्या, स्पीकर आणि तिळगुळाचे डबे नेण्याचा मान आमच्या रणगाड्याचा. या वर्षी यशोधनने आपणहून इशितालाही आमच्याबरोबर पाठवलं. आता गाडीची काळजी नाही, असं तो म्हणाला, आणि मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो ओशाळला.

सकाळचं धुकं विरलं होतं. इशिता मागच्या सीटवर कानटोपी ओढून झोपली होती. रस्ता सरळ, उन्हं कोवळी, जयंतराव काहीतरी गुणगुणत होते. इतक्या दिवसांनी मी त्यांना असं पाहत होते आणि मला फार बरं वाटत होतं. पुढे पुलाचं काम चालू होतं म्हणून रस्ता डावीकडे वळवला होता. तेवढ्यात त्यांचा हात स्टिअरिंगवरून सुटला, नॉबवर गेला, त्यांनी तो शांतपणे एक खूण पुढे फिरवला आणि हात परत जागेवर ठेवला. गुणगुणणं चालूच होतं. समोर हिरवा दिवा पेटला.

मी काही बोलणार तोवर वळण आलं. गाडी आखडली, धक्के देत बाहेरच्या बाजूला सरकली, मागून ट्रकचा हॉर्न कानठळ्या बसवत गेला. आम्ही मातीच्या ढिगाला टेकून थांबलो. इशिता दचकून उठली आणि रडायला लागली. मी तिचे हातपाय चाचपले. तिला काही लागलं नव्हतं.

"पाहिलंस वृंदा?" जयंतराव म्हणाले. "नवा डबा घालून पुन्हा तेच. आपोआप."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चाळीसच्या वर वर्षं मी ते तोंड ओळखते. ते खोटं बोलत नव्हते. मला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

"अहो, नॉब तुम्ही फिरवलात," मी म्हणाले. "आत्ता, माझ्यासमोर."

"मी?" ते रागावले नाहीत. मलाच समजावल्यासारखे म्हणाले, "माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, वृंदा."

मी किल्ली मागितली. यशोधनला फोन करते, तो काय ते बघेल, असं सांगितलं. त्यांनी लगेच किल्ली काढून दिली. मिस्त्रीने डबाच खोटा दिलाय असं सांग त्याला, असंही म्हणाले. दिवाळीत तीच टेबलावर ठेवून ते आतल्या खोलीत जाऊन बसले होते. आज त्यांना किल्लीचं काहीच वाटलं नाही, कारण त्यांच्या लेखी दोष गाडीचा होता.

मी खाली उतरून ढिगाच्या पलीकडे गेले आणि फोन लावला. यशोधनने आधी इशिताचं विचारलं, मग ह्यांचं. दोघं धडधाकट आहेत म्हटल्यावर त्याचा श्वास मला ऐकू आला. "फोर व्हील परत लागलं ना?" तो म्हणाला. "तुम्ही तिथेच थांबा, आई. मी बलबीरला घेऊनच निघतो."

गाडीच्या काचेतून मला जयंतराव दिसत होते. मागे वळून इशिताचे डोळे रुमालाने पुसत होते, तिला डब्यातला तिळगूळ काढून देत होते, हसवत होते.

"बलबीरला आणू नकोस," मी म्हणाले. "गाडीला काही झालेलं नाही."