बिल्ल्यावरचा कलहंस

होसकोट्याला 'कलहंस मोटर्स'चा मोटारींचा कारखाना होता, आणि सत्त्याण्णव साली त्याच्या ड्रॉइंग ऑफिसात एकच माणूस उरला होता. जयसिंगराव. बाकीची टेबलं कंपनीने उचलून नेली होती, कारण नवी ड्रॉइंगं वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवर होत. जयसिंगरावांची निवृत्ती सहा महिन्यांवर आलेली, म्हणून त्यांना कोणी हलवलं नाही. सकाळी जयनगरहून कंपनीच्या बसने यायचं, जुनी ट्रेसिंगं फायलींना लावायची, संध्याकाळी परत जायचं. साडेतीनशे वर्षांपूर्वी शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आलेलं त्यांचं घराणं. घराबाहेर सगळीकडे कन्नड आणि घरात मराठी, अशीच त्यांची हयात गेली. तीन वर्षांपूर्वी पद्मावतीबाई गेल्या, मूलबाळ नव्हतं, आणि घरातलं मराठी बंद पडलं.

एप्रिलमध्ये एकदा दारात चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली. आसावरी तिचं नाव. पुण्याहून येऊन जाहिरात विभागात लागून तिला दोनच महिने झाले होते. कंपनीत परदेशी भागीदार आला होता, ऑगस्टमध्ये गाड्यांवर नवं बोधचिन्ह लागणार होतं, आणि जुन्यापासून नव्यापर्यंतचा प्रवास दाखवणारी पुस्तिका तिला करायची होती. ती हिंदीत बोलायला लागली आणि टेबलावरची नावाची पाटी वाचून थांबली.

"सर, तुम्ही मराठी?"

"हो, घरचं मराठीच." त्यांचा आवाज चिरका निघाला. खाकरून ते म्हणाले, "बस. स्वल्प थांब, काढून देतो."

'थोडं'च्या जागी कन्नड वळणाचं 'स्वल्प' ऐकून ती हसली. जयसिंगरावांना ते हसू आवडलं.

कपाटातून चार कागद काढून त्यांनी टेबलावर ओळीने मांडले. कारखान्यात बोधचिन्ह कोणी म्हणत नसे. बॉनेटवर लागतो तो बिल्ला. पहिला बिल्ला एकोणसाठ सालचा, पितळी, निळ्या मिन्याचा. पंख उघडून पाण्यावर उतरणारा कलहंस, प्रत्येक पंखात अकरा पिसं, खाली तळ्याच्या तीन लाटा. दुसरा एकोणसत्तरचा. त्यात पाय गेले होते आणि पिसं पाचच राहिली होती. तिसरा त्र्याऐंशीचा, चकचकीत मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकचा. लाटा नाहीत, पिसं तीन. चौथा मुंबईच्या एजन्सीने पाठवलेला. त्यात नुसती एक वळलेली रेघ होती.

"यात पक्षी कुठाय?" आसावरीने विचारलं.

"आहे म्हणतात."

तिने पहिला कागद हातात घेतला. "हा फाउंडर सरांनी स्वतः काढला ना? माझ्या नोट्समध्ये तसं आहे."

"नाही. हयवदन अण्णांनी काढला. आमचे हेड ड्राफ्ट्समन. थंडीत होसकोट्याच्या तळ्यावर पक्षी उतरायचे, तिथे पहाटे जाऊन बसायचे ते. पिसं मोजून काढलीत." जयसिंगरावांनी कागद तिच्या हातून घेऊन परत सरळ ठेवला. "मी साठ साली लागलो, तेव्हा पेन्सिल धरायला त्यांनीच शिकवलं मला."

"आणि दुसऱ्यावर कोपऱ्यात 'ज' आहे. म्हणजे हा तुमचा." तिचे डोळे चमकले. "अण्णा आहेत का अजून? फोटो मिळाला तर दोघांचे शेजारी शेजारी छापू."

"देवनहळ्ळीला असायचे," ते म्हणाले. "बघून येतो."

ती गेल्यावर त्यांनी दुसरा कागद पुन्हा समोर ओढला. एकोणसत्तर साली बिल्ला पितळेऐवजी स्वस्त धातूत, साच्यातून काढायचं ठरलं, आणि साच्यात बारीक पिसं मोडायला लागली. साहेबांनी पिसं कमी करा म्हणून सांगितलं. अण्णांनी नकार दिला. मग वडील, आप्पा, आजारी पडले म्हणून अण्णा आठ दिवस रजेवर गेले, आणि साहेबांनी जयसिंगरावांना बोलावलं. एकोणतीस वर्षांचा माणूस, नुकतं लग्न झालेलं, त्यात अण्णांनंतर हेडची जागा मिळेल अशी आशा मनात कुठेतरी असणार. चार दिवसांत त्यांनी पिसं कापली, पाय काढले, कोपऱ्यात अक्षर घातलं. अण्णा परत आले, भिंतीवर लावलेल्या नव्या ड्रॉइंगसमोर उभे राहिले, काही न बोलता जागेवर जाऊन बसले. महिनाभरात त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी जयसिंगराव पोटदुखीचं निमित्त करून घरी राहिले. देवनहळ्ळी बसने दीड तासावर, पण अठ्ठावीस वर्षांत ते तिकडे फिरकले नाहीत.

रविवारी ते गेले. किल्ल्यापलीकडे अण्णांचं शेत होतं. विमानतळ होणार, विमानतळ होणार या बोलण्याने आजूबाजूच्या शेतांत प्लॉट पाडून लेआउटचे दगड रोवलेले दिसत होते. अण्णा पडवीत शेंगा सोलत बसले होते. सदुसष्ट वर्षांचे, वाळलेले, जाड भिंगांचा चष्मा.

"यारू?" कोण म्हणून त्यांनी विचारलं, आणि मग चष्मा वर सरकवून, "जयसिंग का रे?"

जयसिंगराव खाली वाकले, पाया पडले. बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरून एका दमात बोलून गेले. पिसांचं, अक्षराचं, पोटदुखीचं. अण्णांनी ऐकून घेतलं. हातातली शेंग तशीच राहिली.

"अरे, त्या बिल्ल्यासाठी कोण नोकरी सोडतो?" ते म्हणाले. "आप्पांचं अंग लुळं पडलं. शेत बघायला कोणी नव्हतं. तुझं ड्रॉइंग चांगलं होतं की. साच्याला तसंच हवं होतं. मी हट्टी होतो त्या वेळी."

"मग काही बोलला नाहीत तेव्हा."

"आप्पांना तशा अवस्थेत टाकून आलो होतो त्या दिवशी. भिंतीवर काय लावलंय ते मला कुठे दिसत होतं?"

आत कुकरची शिट्टी झाली.

"यासाठी आला नाहीस होय?" अण्णा हळू म्हणाले. "मी दोन वर्षं वाट पाहिली रे. रविवारची बस आली की फाटकापर्यंत जायचो. इथे बोलायला होतं कोण? मग वाटलं, तू हेड झालास, तुला सवड नसेल. सोडून दिलं."

जयसिंगराव कधी हेड झालेच नव्हते. ती जागा बाहेरच्या माणसाला मिळाली होती. पण ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. पुढच्या खेपेला सांगितलं. त्या दिवशी दोघं भात आणि पातळ सारू जेवले, आणि निघताना अण्णांनी सांगितलं की शेत विकलंय, महिनाअखेर मुलगा शिवमोग्ग्याला घेऊन जाणार आहे.

त्यामुळे चार रविवार मिळाले. पहिल्या रविवारी बोलून झालंच होतं, उरले तीन. त्या तिन्ही रविवारी जयसिंगराव सकाळच्या पहिल्या बसने जात आणि शेवटच्या बसने परतत. बोलणं कन्नडमधलं, साधंच असे. आप्पांचं दुखणं, पद्मावतीबाईंचं दुखणं, मेलेली आणि निवृत्त झालेली माणसं. बिल्ल्याचा विषय निघालाच नाही. फोटोसाठी अण्णांनी धुतलेला सदरा घातला, पण हसले नाहीत.

मे महिन्यात पुस्तिका छापून आली. आसावरी ती घेऊन ड्रॉइंग ऑफिसात आली आणि टेबलावर ठेवून उभीच राहिली. चारही बिल्ले एकाच पानावर होते, खाली सालं होती. नाव एकही नव्हतं.

"सर, मी दोन पानं लिहिली होती. वरून कापली. माणसांची नावं नकोत, फक्त ब्रँड, म्हणाले." तिने पुस्तिका मिटली. "सॉरी."

"सरी, ठीक आहे, सोड," जयसिंगराव म्हणाले. "अण्णांचा फोटो तेवढा मला दे." जूनमध्ये तिची बदली मुंबईच्या ऑफिसला झाली. जाताना भेटायला आली तेव्हा तिने पत्ता लिहून दिला, पण त्यांनी पत्र कधी लिहिलं नाही.

अण्णा शिवमोग्ग्याला गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, पुस्तिका यायच्याही आधी, जयसिंगरावांना नेहमीच्या वेळी जाग आली. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर गेले. देवनहळ्ळीची बस लागलेली होती. कंडक्टरने ओळखून मान हलवली आणि कन्नडमध्ये विचारलं, "येताय ना?"

"नाही. आज नाही," ते म्हणाले.

बस गेली. तिच्या मागची, कोलारची, तीही गेली. जयसिंगराव बाकावर बसून राहिले. शेजारी एक म्हातारी बोचकं सोडून पुन्हा बांधत होती. तिने वेळ विचारली. त्यांनी सांगितली, आणि सांगून झाल्यावर लक्षात आलं, की आपण घरातल्यासारखं मराठीत बोललो. म्हातारी बघतच राहिली. मग त्यांनी तिला तीच वेळ कन्नडमध्ये सांगितली आणि उठून घराकडे निघाले.